एक्स-रे नेमका कुणाचा? रुग्णनोंदी आणि पॅक्स जोडतानाचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातलं हे प्रकरण. जिल्ह्याचं ठिकाण, साधारण दीडशे खाटा, सकाळच्या ओपीडीला रांग पोर्चपर्यंत. नव्या इमारतीत सीटी आणि डिजिटल एक्स-रे, जुन्या इमारतीत सीआर, म्हणजे कॅसेटवाला एक्स-रे, दोन सोनोग्राफी मशीन आणि आयसीयूत फिरवायचा एक पोर्टेबल एक्स-रे. पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट एकच. रात्रीचे सीटी टेलिरेडिओलॉजीवर बाहेर वाचले जायचे. केस पेपर, बिलिंग, फार्मसी सगळं एका एचआयएसवर, म्हणजे रुग्णालयाच्या संगणक-प्रणालीवर चालायचं. स्कॅन साठवायला पॅक्स होतं, ते वेगळ्या कंपनीचं आणि नंतर घेतलेलं. दोन्हीकडे रुग्णांची आपापली यादी होती, आणि एका यादीला दुसरीचा पत्ता नव्हता.

व्यवस्थापनाची मागणी एका ओळीची होती: डॉक्टरांनी केस उघडली की तिथेच बटण दाबून एक्स-रे, सीटी दिसला पाहिजे. एचआयएसवाल्यांनी तेवढंच करून दिलं. बटण दाबलं की रुग्णाचा यूएचआयडी, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, पॅक्सच्या व्ह्यूअरकडे जायचा आणि त्या क्रमांकाखाली जे काही साठलेलं असेल ते उघडायचं. डेमो उत्तम झाला. फिल्मचा खर्च घटला, पाकिटं घेऊन वॉर्डातल्या मामांच्या होणाऱ्या फेऱ्या वाचल्या. मी या कामात आलो तो पुढची घटना घडल्यावर, रेडिओलॉजी आणि संगणक विभागाच्या मधला माणूस म्हणून. रुग्णालयाचं आणि व्हेंडरांचं नाव इथे देत नाही.

घटना

साठीच्या आसपासच्या एक बाई खोकल्यासाठी छातीच्या ओपीडीत आल्या. एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक डाग दिसत होता. डॉक्टरांनी बटण दाबलं तर शेजारीच दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रेही उघडला, आणि तो अगदी स्वच्छ. वर नाव त्याच बाईंचं. जुना फोटो स्वच्छ आणि नव्यात डाग, याचा अर्थ डाग मधल्या काळात आला. या वयात असा नवा डाग दिसला की कोणताही डॉक्टर आधी कॅन्सरचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. त्याच दिवशी सीटी सांगितला, आणि सुईने तुकडा काढण्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायची तयारीही सुरू झाली.

चूक धरली ती रेडिओलॉजिस्ट मॅडमनी. सीटी वाचताना त्यांनी जुना फोटो तुलनेला घेतला आणि त्यांची नजर फुप्फुसाऐवजी वर गेली. जुन्या फोटोत डाव्या कॉलर बोनला मोडून वाकडं जुळलेलं हाड स्पष्ट दिसत होतं. सीटीत तेच हाड सरळ, कुठेही सांधा नाही. वाकडं जुळलेलं हाड दोन वर्षांत सरळ होत नाही. म्हणजे जुना फोटो या बाईंचा नव्हताच.

मग बाईंचा स्वतःचा जुना फोटो कुठे होता? त्यांना पक्कं आठवत होतं की याच रुग्णालयात, जुन्या इमारतीत, तेव्हाही छातीचा फोटो काढला होता. दोन दिवस शोधल्यावर तो सापडला, तिसऱ्याच एका पुरुषाच्या क्रमांकाखाली. त्यात तो डाग होता, तेवढाच, तिथेच. घट्ट गाठ दोन वर्षं आकाराने बदलली नाही तर ती सहसा निरुपद्रवी धरतात; सीटीतही चुना साठलेला जुना व्रण दिसत होता. तरुणपणी टीबीची औषधं घेतल्याचं बाईंनी तेव्हा सांगितलं. क्षयाचे जगातले सर्वांत जास्त रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे असे व्रण घेऊन जगणारी माणसं आपल्या प्रत्येक ओपीडीत असतात. त्यांच्या बाबतीत जुना फोटो म्हणजे अर्धं निदान. सुई टळली. पण घरचे लोक मधले दोन दिवस काय मनःस्थितीत होते, ते मी पाहिलं आहे.

मूळ कुठे होतं

पहिला अंदाज सगळ्यांनी बांधला तो असा की टेक्निशियनने आकडा चुकीचा दाबला. तसं झालेलं नव्हतं. टेक्निशियनने केस पेपरवर जो आकडा दिसला तोच बिनचूक टाइप केला होता. अडचण अशी की केस पेपरवर आकडे दोन होते. वर ठळक अक्षरात ओपीडी नंबर, आणि खाली बारकोडच्या पट्टीखाली मुंगीच्या अक्षरात यूएचआयडी. ओपीडी नंबर दरवर्षी १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू व्हायचा. यूएचआयडी रुग्णालय संगणकीकृत झाल्यापासून चढत्या क्रमाने चालू होता. दोन्ही नुसते आकडे, पुढे ना अक्षर ना वर्ष.

जुन्या इमारतीतल्या सीआरवर ठळक दिसणारा ओपीडी नंबर टाकायची पद्धत होती. नव्या इमारतीत यूएचआयडी. पॅक्सच्या दृष्टीने दोन्ही एकाच रकान्यात पडत होते. त्या बाईंचा यूएचआयडी लहान होता, कारण त्या जुन्या रुग्ण. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका बाईंना ओपीडीत योगायोगाने तोच आकडा मिळाला होता, आणि त्यांचा फोटो या बाईंच्या खात्यात जाऊन बसला. योगायोग म्हणतो खरा, पण हजारो ओपीडी नंबर दरवर्षी नव्याने वाटले जात असताना अशी टक्कर होणारच होती.

इथे डायकॉमबद्दल थोडं सांगायला हवं. वैद्यकीय प्रतिमा साठवण्या-पाठवण्याचं हे मानक १९९३ मध्ये आलं. त्याची पहिली आवृत्ती अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्र-उत्पादकांच्या संघटनांनी मिळून १९८५ मध्ये काढली होती. डायकॉमच्या प्रत्येक फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचे रकाने असतात. रुग्णाचं नाव (००१०,००१०) मध्ये, रुग्णाचा क्रमांक (००१०,००२०) मध्ये, जन्मतारीख (००१०,००३०) मध्ये. बहुतेक पॅक्स माणूस ओळखतात तो त्या क्रमांकावरून. क्रमांक एक तर माणूस एक. आमच्या पॅक्समध्ये आणखी एक गोष्ट होती: त्या क्रमांकाखाली सगळ्यात शेवटी जे नाव आलं, तेच सगळ्या जुन्या फोटोंवर दाखवलं जायचं. जुन्या फाइलच्या आत खरं नाव शाबूत होतं. पडद्यावर मात्र नवं नाव. डॉक्टरांना शंका यायला जागाच उरली नव्हती. मला या प्रकरणात सगळ्यात गंभीर वाटली ती हीच गोष्ट. बटण बसवण्याआधी डॉक्टर पाकिटावरचं नाव वाचायचे, फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचायचे. बटणाने ती सवय मोडली आणि तिच्या जागी दुसरी तपासणी काहीच दिली नाही.

पॅक्समधली पूर्ण यादी काढून एचआयएसशी ताडून पाहिली. क्रमांकासोबत नाव, लिंग आणि वय असं चारही बाजूंनी. क्रमांकाच्या रकान्यात काय काय नव्हतं! मोबाइल नंबर, बिलाचा नंबर, वॉर्ड आणि खाटेचा नंबर, नुसतं 'कॅज्युअल्टी', कुठे रकाना कोराच. सगळ्यात स्वच्छ नोंदी निघाल्या त्या गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीच्या. तिथे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालचा फॉर्म एफ भरल्याशिवाय तपासणीच करता येत नाही, त्यामुळे पूर्ण नाव आणि नोंद आधीच निगुतीने पाहिली जायची. ज्या खोलीत नोंदीची शिस्त कायद्याने लावली होती, तिथे जोडणी आपोआप नीट चालत होती.

टाइप करणंच बंद करायचं

टेक्निशियनने काही टाइप करावं लागूच नये, हे उद्दिष्ट ठरवलं. त्याची सोय डायकॉममध्ये आहे, तिला मॉडॅलिटी वर्कलिस्ट म्हणतात. मशीन सर्व्हरला विचारतं, 'आज माझ्याकडे कोण कोण येणार आहे?' सर्व्हर यादी देतो, टेक्निशियन नावावर क्लिक करतो, आणि नाव, क्रमांक, वय, तपासणी हे सगळं फोटोच्या फाइलमध्ये आपोआप उतरतं.

आपल्याकडे ऑर्डरचा खरा क्षण म्हणजे बिल. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, पण एक्स-रे होणार हे नक्की ठरतं ते काउंटरवर पावती फाटली की. म्हणून पावती तयार होताच ऑर्डर निघेल असं ठरवलं. मोठ्या रुग्णालयांत हे काम एचएल७ संदेशांतून होतं. एचएल७ म्हणजे आरोग्यसेवेतल्या संगणक-प्रणालींनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची याचं मानक. ते बनवणारी संस्था १९८७ पासून आहे, आणि भारत सरकारच्या २०१६ च्या ईएचआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही एचएल७ आणि डायकॉम दोन्ही आहेत. पण इथल्या एचआयएसला एचएल७ येत नव्हतं, आणि ते शिकवायला व्हेंडरने सांगितलेली रक्कम ट्रस्टला झेपणारी नव्हती. शेवटी त्यांच्याकडून डेटाबेसमधला एक फक्त वाचता येणारा तक्ता मागून घेतला. एक छोटा प्रोग्राम त्या तक्त्यावर नजर ठेवतो आणि प्रत्येक नव्या पावतीमागे वर्कलिस्टची एक फाइल तयार करून ऑर्थँकच्या फोल्डरमध्ये टाकतो. ऑर्थँक हा बेल्जियममधल्या लीएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला मुक्तस्रोत डायकॉम सर्व्हर आहे. त्याचं वर्कलिस्टचं प्लगइन अशा फाइली वाचून मशीनला यादी देतं. साध्या संगणकावर चालतं. लहान रुग्णालयांनी याची धास्ती घेऊ नये.

चाचणीत दोन गोष्टी अशा सापडल्या की त्या सविस्तर सांगाव्याशा वाटतात.

एक, अ‍ॅक्सेशन नंबर. प्रत्येक तपासणीला स्वतंत्र नंबर लागतो, तो (०००८,००५०) या रकान्यात जातो, आणि बिल, फोटो, रिपोर्ट या तिघांना बांधणारा धागा तोच. आम्ही बिलाचाच नंबर वापरायचं ठरवलं. बिलाचा नमुना असा: आरएडी/२०२३-२४/ओपीडी/००४५१२. डायकॉममध्ये या रकान्याची कमाल लांबी १६ अक्षरं. आता हा नंबर मूळ इंग्रजी अक्षरांत मोजून पाहा: शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंत बरोबर १६ होतात. एका मशीनने पुढचं सगळं मुकाट्याने छाटलं, आणि वर्षभरातल्या प्रत्येक ओपीडी एक्स-रेचा अ‍ॅक्सेशन नंबर एकच झाला असता. चाचणीत वेगवेगळे पाच फोटो एकाच तपासणीत गोळा झालेले दिसले म्हणून हे लक्षात आलं. मग बिलाच्या नंबराला हात न लावता अ‍ॅक्सेशनसाठी वेगळा आखूड नंबर काढला.

दोन, मध्यरात्र. मशीन वर्कलिस्टला 'आजचे' रुग्ण विचारतं. रात्री ११:५० ला पावती झाली आणि १२:१० ला रुग्ण सीटीच्या टेबलावर आला, तर यादीत त्याचं नावच नाही, कारण त्याची ऑर्डर कालची. घाईत टेक्निशियन पुन्हा हाताने टाइप करणार, आणि आपण पहिल्या पायरीवर परत. उपाय सोपा होता: कालपासून उद्यापर्यंतची यादी मागायची. त्यासोबत सगळ्या मशीनची घड्याळं एका सर्व्हरला जुळवली. सीटीचं घड्याळ बरंच मागे होतं आणि ते कुणी कधी पाहिलंही नव्हतं.

नावांचा गोंधळ

एचआयएसमध्ये नावाची चौकट एकच होती. एका काउंटरवरच्या ताई 'पाटील सुनीता रमेश' लिहीत, दुसऱ्या काउंटरवर 'सुनीता रमेश पाटील'. तीच व्यक्ती लग्नाआधी माहेरच्या नावाने नोंदलेली असायची. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक वेळी वेगळं. डायकॉममध्ये आडनाव, नाव आणि मधलं नाव असे वेगळे भाग पाडावे लागतात, म्हणून नोंदणीच्या पडद्यावर तीन चौकटी केल्या. नोंदणी मराठीत करायची ट्रस्टची इच्छा होती, आणि ती मला मनापासून पटत होती. डायकॉममध्ये युनिकोडची सोय आहे, त्यामुळे देवनागरी नाव फाइलमध्ये जाऊ शकतं. पण जुन्या सीआरच्या पडद्यावर त्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ यायची आणि सोनोग्राफीवर चौकोन. टेक्निशियनला समोरच्या माणसाचं नाव वाचताच आलं नाही तर ती चूक आणखी मोठी. म्हणून मशीनकडे रोमन लिपीतलं नाव पाठवलं आणि केस पेपरवर, रिपोर्टवर मराठी ठेवलं. मशीन बदलतील तसं हे बदलता येईल.

जुळणीसाठी नाव कधीही वापरायचं नाही, हे पक्कं केलं. नाव वापरायचं ते फक्त माणसाला विचारून खात्री करायला. आणि इथे विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. 'तुम्ही सुनीता पाटील ना?' असं विचारलं तर तासभर रांगेत उभी राहिलेली, कानाने थोडी कमी ऐकणारी बाई 'हो, हो' म्हणते. कधी आपला नंबर हुकेल या भीतीनेच. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं?' असं विचारलं की खरं नाव कळतं. एक्स-रेच्या खोलीत मी काही दिवस उभा राहिलो तेव्हा चुकीच्या नावाला 'हो' म्हणणारी माणसं प्रत्यक्ष पाहिली. हा प्रश्न आता पाटीवर लिहून कन्सोलला लावला आहे, आणि जोडणीच्या कामात मी त्याची गणना कोणत्याही प्रोग्रामइतकीच करतो.

केस पेपरचा आराखडाही बदलला. यूएचआयडी ठळक, पुढे अक्षरांचा उपसर्ग, बारकोड मोठा. ओपीडी नंबर कोपऱ्यात बारीक. सगळ्या कामात सर्वांत कमी खर्च यालाच आला.

अनोळखी रुग्ण

हायवेवरचा अपघात, रात्री दोनला चार जखमी, दोघे बेशुद्ध. त्यांची नोंदणी कोण करणार आणि काय नावाने? आधी अशा सगळ्यांचे फोटो 'कॅज्युअल्टी' या एकाच नावाखाली जायचे. आता कॅज्युअल्टीत आधीच छापलेल्या तात्पुरत्या क्रमांकांची स्टिकरं ठेवली आहेत. रुग्ण आला की स्टिकर मनगटावर, दुसरं कागदावर, आणि तेच क्रमांक वर्कलिस्टमध्ये आधीच तयार. नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' आणि तो क्रमांक.

नातेवाईक आले, नाव कळलं, कदाचित जुना यूएचआयडीही सापडला, की दोन खाती एक करावी लागतात. एचआयएसमध्ये ते होत होतं, पण पॅक्सला त्याची खबरच जात नव्हती. एचएल७ मध्ये यासाठी ए४० नावाचा स्वतंत्र संदेश आहे, म्हणजे ही गरज जगभर ओळखलेली आहे. आमच्याकडे ते काम सकाळच्या यादीत येतं. रोज सकाळी एक यादी निघते: काल साठवलेल्या पण ऑर्डरशी न जुळलेल्या सगळ्या तपासण्या, आणि एचआयएसमध्ये एक केलेली सगळी खाती. रेडिओलॉजीचे इन्चार्ज आणि रेकॉर्ड विभागातली एक व्यक्ती, दोघं मिळून बदल करतात, आणि कुणी काय बदललं याची नोंद राहते. पोलीस केस असेल तर मूळ फाइलची प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवली जाते. हे आपोआप का करत नाही, असं मला विचारलं गेलं. दोन माणसांची खाती चुकून एक झाली तर ती पुन्हा वेगळी करणं फार कठीण. मशीनच्या अंदाजावर ते सोडायला माझी तयारी नाही.

जुन्या साठ्याचं काय?

यावर सर्वांत जास्त वाद झाला. क्रमांक, नाव, लिंग, वय हे चारही जुळतात तेवढेच जुने फोटो बटणामागे ठेवले. बाकीचे सगळे 'पडताळणी बाकी' अशा वेगळ्या यादीत हलवले. डॉक्टर नाराज झाले, कारण काल दिसणारे फोटो आज दिसेनात. ऑर्थोच्या सरांनी तर मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं की अशाने काम कसं करायचं. त्यांची अडचण खरी होती. पण जुना फोटो दिसला नाही तर डॉक्टर रुग्णाला विचारतो, नवा काढतो. दुसऱ्याचा फोटो दिसला तर तो त्यावर विश्वास ठेवतो. रेडिओलॉजिस्ट मॅडम आमच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून निर्णय टिकला. आता रुग्ण ओपीडीत आला की त्याच्या नावाशी मिळतीजुळती जुनी तपासणी शोधायची विनंती जाते, आणि रेकॉर्ड विभाग पाहून ती जोडतो. सीआरच्या काही फोटोंत नाव कोपऱ्यात चित्रातच छापलेलं होतं. माहितीचा रकाना काहीही म्हणो, ते नाव खरं. अशा बऱ्याच फोटोंचा मालक त्या कोपऱ्यामुळे सापडला.

बटणही बदललं. आता ते क्रमांकावरून शोधत नाही, तर ठराविक ऑर्डरचा अ‍ॅक्सेशन नंबर उघडतं. व्ह्यूअरच्या वर एचआयएसमधलं नाव-वय-लिंग आणि फाइलच्या आतलं नाव-वय-लिंग शेजारी शेजारी दिसतात. फरक असेल तर पट्टी लाल होते. जुन्या बटणात आणखी एक भोक होतं: ब्राउझरच्या पत्त्यात यूएचआयडी उघडा दिसायचा, आकडा बदलला की दुसऱ्या कुणाचाही स्कॅन समोर. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी हे चालण्यासारखं नव्हतं. आता थोड्या वेळात बाद होणारी, सही केलेली लिंक जाते.

आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, हाच रुग्णाचा क्रमांक का करू नये, असाही प्रस्ताव होता. तो १४ आकडी असतो, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाल्यापासून बरेच लोक तो घेऊन येतात. पण प्रत्येकाकडे तो नसतो, आणि बेशुद्ध माणसाकडे असून उपयोग नाही. म्हणून तो नोंदीत जोडून ठेवला, ओळखीचा आधार यूएचआयडीच.

जुन्या सीआरला वर्कलिस्ट जोडायची वेळ आली तेव्हा कळलं की त्याचा परवानाच खरेदीच्या वेळी घेतलेला नाही. सुविधा मशीनमध्ये आहे, पण कुलूपबंद. तो नंतर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागला. नवं मशीन घेणाऱ्यांनी खरेदीच्या ऑर्डरमध्येच 'वर्कलिस्टचा परवाना समाविष्ट' असं लिहून घ्यावं आणि मशीनचं डायकॉम कन्फॉर्मन्स स्टेटमेंट, म्हणजे डायकॉममधल्या कोणत्या सोयी त्यात आहेत हे सांगणारा उत्पादकाचा कागद, आधी मागून वाचावं. पोर्टेबलवर वर्कलिस्ट आजही नाही, त्यामुळे आयसीयूतले फोटो रोजच्या सकाळच्या यादीत हमखास असतात.

आणि बाहेरून आलेल्या सीड्या. दुसऱ्या सेंटरच्या सीडीत रुग्णाचा क्रमांक कधी '१' असतो, कधी त्यांच्या बिलाचा. तशीच आत घेतली तर जुनीच टक्कर नव्याने सुरू. म्हणून सीडी घेणारी खिडकी एकच ठेवली आहे. तिथे आधी केस पेपरचा बारकोड स्कॅन करावा लागतो, मग सीडीतला क्रमांक बदलून आपला लागतो, आणि मूळ क्रमांक दुसऱ्या रकान्यात जपला जातो. दुपारी चारनंतर ती खिडकी बंद असते. रात्री आलेली सीडी डॉक्टर लॅपटॉपवर पाहतात आणि ती सकाळपर्यंत वॉर्डात सिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये राहते. यासाठी कॅज्युअल्टीतल्या संगणकावर तशीच सोय करून द्यायचं काम सध्या चालू आहे.